एकत्र कसं काम करायचं, हे टीमनेच ठरवायचं

वर्षातून एकदा ऑफिसची बस लोणावळ्याला नाहीतर कर्जतला जाते. रिसॉर्टवर रस्सीखेच होते, डोळ्यांवर पट्टी बांधून सहकाऱ्याच्या भरवशावर चालण्याचे खेळ होतात, रात्री गाण्यांच्या भेंड्या रंगतात. सगळ्यांना मजा येते आणि ती यावीच. पण सोमवारी तीच फाइल त्याच टेबलावर अडकलेली असते, तोच मेल तिघांनी एकमेकांना फॉरवर्ड केलेला असतो, आणि ‘हे माझ्याकडे येत नाही’ हे वाक्य चहाच्या आधीच एकदा ऐकू येतं.

सहलीत माणसं जवळ आली, यात शंका नाही. पण फाइल कुणाकडून कुणाकडे जाते, अडली तर कुणी कुणाला विचारायचं, चूक झाली तर ती कुणापुढे बोलायची, या गोष्टी तिथे कुणी काढल्याच नाहीत. त्या ठरवणं हे वरच्या साहेबांचं किंवा एचआरचं काम, असं सगळेच धरून चालतात. साहेब ठरवतात, परिपत्रक निघतं, महिनाभर पाळलं जातं. माझं म्हणणं असं, की एकत्र काम करण्याची पद्धत ज्यांना रोज वापरायची आहे त्यांनीच ती घडवली, तरच ती टिकते. प्रमुखाला यात भरपूर काम असतं, फक्त ते नेहमीपेक्षा वेगळं असतं.

हा विषय बहुतेक वेळा व्यवस्थापनाच्या कोर्सच्या भाषेत सांगितला जातो, म्हणून तो आपल्यापासून लांबचा वाटतो. खरं तर त्यावरचा एक फार बोलका प्रयोग आपल्या शेजारीच झालेला आहे: अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये, १९५३ साली.

कॅलिको ही साराभाई कुटुंबाची गिरणी. तिथे नवे स्वयंचलित साचे आणले होते. साचा म्हणजे माग, हे इचलकरंजी-सोलापूरच्या किंवा जुन्या गिरणगावच्या वाचकाला सांगायला नको. नव्या साच्यात आडव्या धाग्याची कांडी संपली की दुसरी आपोआप बसत होती, त्यामुळे उत्पादन वाढेल असा हिशेब होता. तो चुकला. कापड अपेक्षेइतकं निघेना, आणि निघालेल्यात खराब मालाचं प्रमाण मोठं. गौतम साराभाईंनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधले संशोधक ए. के. राइस यांना बोलावलं.

राइस यांनी खात्यात उभं राहून काम पाहिलं. २२४ साचे, २९ कामगार आणि कामाचे १२ वेगवेगळे प्रकार. विणकर तुटलेला धागा जोडून साचा पुन्हा सुरू करणार. कांड्या भरणारा वेगळा. एकदम बरेच धागे तुटले तर ते सांधणारा वेगळा. नवा भीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवणारा वेगळा, कापड उचलून नेणारा वेगळा, शिवाय जॉबर (साचे चालते ठेवणारा मुकादम), त्याचा मदतनीस, तेलवाला, झाडूवाला. कागदावर ही विभागणी चोख होती. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो हे मोजून प्रत्येकाला साचे नेमून दिले होते.

घोळ नेमका तिथे होता. विणकराकडे जितके साचे, त्याहून जास्त कांड्या भरणाऱ्याकडे. धागे सांधणाऱ्याकडे त्याहूनही जास्त. तेलवाला तर सगळ्या खात्याला मिळून. त्यामुळे एका विणकराला ज्या चार-पाच जणांची मदत लागायची, ते चार-पाच जण त्याच वेळी इतर विणकरांचेही होते. अमुक साच्यांवर आम्ही इतकेजण, असं कुणालाच म्हणता येत नव्हतं. साचा बंद पडला की विणकर हाका मारत बसणार, आणि सांधणारा म्हणणार की मी पलीकडे आहे. दोघेही खरंच बोलत असणार. खात्यात माणसं होती, पण टीम नव्हती.

राइस यांनी सुचवलेलं अगदी साधं होतं: ठरावीक साच्यांसाठी ठरावीक माणसांचा एक गट करावा. पुढे जे झालं ते मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. कल्पना पर्यवेक्षकांपर्यंत आणि कामगारांपर्यंत पोचली, आणि त्यांनी ती लगेच उचलली. कोण कुणाबरोबर, हे त्यांनी आपसात ठरवलं. सात-सात जणांचे गट तयार झाले. गटातलाच एक जण म्होरक्या, आणि एकमेकांची कामं शिकून घ्यायची मुभा. कुणाचं नाही पटलं तर गट बदलायची वाट मोकळी.

अधेमधे चढउतार आले, पण घडी बसल्यावरचे आकडे बोलके आहेत. खात्याची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या आसपास गेली, आणि खराब कापडाचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. साचे तेच, सूत तेच, माणसंही तीच होती.

असं का झालं? गट झाल्यावर साचा बंद पडणं हा एकट्या विणकराचा प्रश्न राहिला नाही. ज्याचा हात मोकळा तो धावू लागला, कारण आता ते साचे त्याचेही होते. दुसरं म्हणजे, गटाला आपलं काम दिसू लागलं. आमच्या साच्यांवर आज किती कापड निघालं आणि त्यात खराब किती, हे सात जणांना डोळ्यांनी पाहता येत होतं. २२४ साच्यांच्या आकड्यात एका माणसाची मेहनत हरवून जाते. आणि तिसरं, कुणी काय करायचं याची रोजची जुळवाजुळव पर्यवेक्षकाच्या डोक्यावरून उतरून गटाकडे आली. पर्यवेक्षकाला सूत वेळेवर येतंय का, भीम नीट भरलाय का, अशा गटाच्या हाताबाहेरच्या गोष्टींकडे बघायला फुरसत मिळाली.

राइस यांच्या संस्थेला हे आधी इंग्लंडच्या कोळसा खाणींमध्ये दिसलं होतं. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांचा १९५१ सालचा अभ्यास त्यावरच आहे. बॅमफर्थ स्वतः खाणकामगार होते. जुन्या पद्धतीत दोन-चार खाणकामगार आपले जोडीदार आपण निवडून कोळसा फोडायच्या एका जागी सगळी कामं मिळून करत. यंत्रं आल्यावर काम पाळ्यांमध्ये तुटलं. एका पाळीने कापायचं, दुसरीने भरायचं, तिसरीने पुढची तयारी करायची. एका पाळीचं राहिलेलं दुसरीच्या डोक्यावर यायचं आणि दोष मात्र काळोखात भलतीकडेच जायचा. यंत्र चांगलं असूनही काम का बिघडतं, याचं उत्तर माणसांच्या स्वभावात शोधू नका, कामाच्या मांडणीत शोधा, हे त्यांचं सांगणं होतं.

आता थोडी शास्त्रीय बाजू. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हॅकमन यांनी विमानाच्या कॉकपिटपासून वाद्यवृंदापर्यंत अनेक प्रकारच्या टीम अभ्यासल्या. कोणत्याही कामात चार प्रकारचे अधिकार असतात, असं त्यांनी मांडलं. पहिला, काम करण्याचा. दुसरा, काम कसं चाललंय यावर नजर ठेवून पद्धत बदलण्याचा. तिसरा, टीममध्ये कोण असावं आणि तिला काय साधनं मिळावीत हे ठरवण्याचा. चौथा, मुळात कुठे जायचं ही दिशा ठरवण्याचा. आपल्याकडच्या बहुतेक टीमकडे यातला फक्त पहिला असतो आणि उरलेले तिन्ही साहेबांकडे. सहकारी संस्थेत किंवा एखाद्या बचत गटात तत्त्वतः चारही सभासदांकडे असतात.

‘टीमला मालकी द्या’ असं कुणी म्हटलं की व्यवस्थापक घाबरतात, कारण त्यांना वाटतं चारही देऊन टाकायचे आहेत. तसं मुळीच नाही. दिशा ठरवणं हे वरच्यांनी स्पष्टपणे करावं. टीमसाठी ती मोठी मदतच असते. द्यायचा आहे तो दुसरा अधिकार, आपली पद्धत तपासून बदलण्याचा. आणि नेमका तोच सहसा कुणी देत नाही, कारण तो वेगळा असतो हेच लक्षात आलेलं नसतं.

हा दुसरा अधिकार वापरणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एका प्रसंगातून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण ज्यांनी घरच्या माणसाला खासगी रुग्णालयातून घरी आणलंय त्यांना तो ओळखीचा वाटेल. डॉक्टर सकाळी दहाच्या राउंडला म्हणतात, ‘आज घरी जायला हरकत नाही.’ पेशंट प्रत्यक्षात बाहेर पडतो संध्याकाळी पाचला. मधले सात तास नातेवाईक पिशव्या भरून कॉटवर बसलेले. खाली इमर्जन्सीत दुसरा पेशंट त्याच कॉटची वाट बघतोय.

प्रत्येकाला विचारलं तर प्रत्येकाचं काम वेळेत झालेलं असतं. कॅलिकोच्या खात्यासारखंच. म्हणून प्रशासक मॅडम एका वॉर्डपुरत्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवतात: वॉर्डच्या सिस्टर, निवासी डॉक्टर, फार्मसीतला मुलगा, बिलिंगमधली मुलगी, विम्याचं बघणारा टीपीए डेस्कचा माणूस, आणि फायली नेणारे वॉर्डबॉय मामा. मामांना बोलवायचं कशाला, असं एक-दोघांना वाटतं. मॅडम आग्रहाने बोलावतात.

‘उपाय मी सांगणार नाही,’ त्या म्हणतात. ‘कालची एक फाइल घेऊ. दहापासून पाचपर्यंत ती कुठे कुठे होती, तेवढंच लिहू. कुणाची चूक, हा विषय आज नाही.’

पांढऱ्या फळ्यावर एक आडवी रेघ. दहाला राउंड. डिस्चार्ज समरी टाइप झाली साडेबाराला, कारण डॉक्टर मधे ओपीडीत होते. मग फाइल वॉर्डमध्येच. फार्मसीत पोचली सव्वादोनला.

‘साडेबारा ते सव्वादोन फाइल कुठे होती?’ बिलिंगमधली मुलगी विचारते.

कुणीच बोलत नाही. मग मामा म्हणतात, ‘काउंटरवर. मी दोन वाजता सगळ्या फायली एकदम नेतो.’

‘एकेक का नाही नेत?’

‘सकाळी पेशंट एक्स-रेला न्यायचे असतात, सोनोग्राफीला न्यायचे असतात. सिस्टरच म्हणाल्या होत्या, मामा, दोननंतर एकत्र न्या.’

सिस्टर मान हलवतात. ‘हो, मीच म्हटलं होतं. तेव्हा दोनच वॉर्डबॉय होते. आता चार आहेत. पण पद्धत तीच राहिली.’

इथे मॅडमना फार मोह होतो. ‘उद्यापासून फायली तासातासाला गेल्याच पाहिजेत’ असं त्या एका वाक्यात सांगू शकतात. त्या सांगत नाहीत. विचारतात, ‘मग काय करून बघायचं?’ पंधरा मिनिटांत टेबलावरून जे येतं ते कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा चांगलं असतं. उद्या कोण घरी जाण्याची शक्यता आहे याची यादी सिस्टर आदल्या संध्याकाळीच करणार. समरीचा कच्चा मसुदा रात्रपाळीचे डॉक्टर करून ठेवणार. उरलेली औषधं राउंडच्या आधीच फार्मसीत परत जाणार. टीपीएचा माणूस म्हणतो, ‘यादी मला संध्याकाळी मिळाली तर विमा कंपनीची कुठली कागदपत्रं कमी आहेत ते मी रात्रीच नातेवाइकांना सांगीन.’ आणि फाइलच्या कव्हरवर एक चिठ्ठी लागणार. फाइल ज्याच्याकडे येईल त्याने वेळ टाकायची. फक्त या एका वॉर्डमध्ये, पंधरा दिवस. मॅडमकडून त्यांना एकच गोष्ट हवी असते: टीपीए डेस्कला पोर्टलचं दुसरं लॉगिन. ते त्या त्याच दिवशी मिळवून देतात, आणि त्यामुळे बाकीच्या सगळ्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसतो.

इथपर्यंत ही एक चांगली मीटिंग झाली. खरी कसोटी पुढच्या आठवड्यात येते. रात्रपाळीचे एक डॉक्टर मसुदा करत नाहीत. जुन्या सवयीने सिस्टर मेट्रनकडे तक्रार करणार, मेट्रन प्रशासकांना सांगणार, प्रशासक डॉक्टरांच्या वरिष्ठांना. चार दिवसांनी डॉक्टरांना झाडणी बसणार आणि सिस्टरशी त्यांचं बोलणं बंद होणार. त्याऐवजी सिस्टर थेट म्हणाल्या, ‘डॉक्टर, तीन समऱ्या राहिल्यात. रात्री काही अडचण येते का?’ आणि ते म्हणाले, ‘रात्री वॉर्डमधला कॉम्प्युटर अकाउंट्सवाल्यांच्या बॅकअपला लावलेला असतो,’ तर त्या क्षणी ती टीम झाली. सहकाऱ्याने सहकाऱ्याला, वरच्या मजल्यावर न जाता, आदराने आणि स्पष्ट सांगणं: एकत्र कामाची मालकी म्हणतात ती मुख्यतः ही.

पण असं बोलायला धीर लागतो. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा तिला एक चक्रावून टाकणारी गोष्ट आढळली. ज्या टीम अधिक चांगल्या म्हणून ओळखल्या जात, त्यांच्या नोंदीत चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं की त्या टीम चुका झाकत नव्हत्या. बाकीच्या ठिकाणी त्या होत होत्या, पण नोंदवल्या जात नव्हत्या. आपल्याकडे साहेब, मॅडम, ज्येष्ठ, कनिष्ठ ही उतरंड फार पक्की आहे, त्यामुळे हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच म्हणण्याला दुजोरा देतात. म्हणून बैठकीत सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्यावं, साहेबांनी शेवटी. आणि चहा मागवणं, टिपणं काढणं ही कामं आपोआप बाईमाणसाकडे जात असतील, तर ती पाळीपाळीने करावीत. जी व्यक्ती सतत लिहीत असते तिला बोलायला वाव मिळत नाही.

सुरुवात कशी होते यावर फार अवलंबून असतं. टीमच्या यशातला सुमारे ६० टक्के भाग तिची रचना आधी कशी केली यावर, ३० टक्के ती सुरू कशी केली यावर आणि जेमतेम १० टक्के पुढच्या मार्गदर्शनावर अवलंबून असतो, असा हॅकमन यांचा अंदाज होता. कॉकपिटच्या संदर्भात ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा एक आकडा सांगत: त्यांनी तपासलेल्या दुर्घटनांपैकी ७३ टक्के त्या वैमानिकांच्या एकत्र उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी घडल्या होत्या. वैमानिक एकेकटे कसलेले होते. एकमेकांना ओळखत नव्हते. म्हणून नवीन प्रकल्प सुरू होताना पहिल्या दिवशी कामाला भिडण्याआधी तासभर नुसतं यावर बोलावं, की आपल्याला काय साधायचंय, कुणाला काय येतं, निरोप फोनवर द्यायचा की ग्रुपवर, मतभेद झाला तर निर्णय कसा घ्यायचा, आणि उशीर होणार असेल तर किती आधी सांगायचं. ठरेल ते पानभर लिहून भिंतीवर लावावं. भाषा टीमची असावी. ‘परस्पर आदर राखावा’ असलं वाक्य कुणाच्याच उपयोगी पडत नाही. ‘फाइल वीस मिनिटांहून जास्त थांबणार असेल तर पुढच्याला फोन करायचा’ हे वाक्य उपयोगी पडतं, कारण ते पाळलं की मोडलं हे कुणालाही कळतं.

मग अधूनमधून थांबून ते पान पुन्हा वाचायचं. सॉफ्टवेअरमधल्या मंडळींना हे परिचयाचं आहे. २००१ साली सतरा जणांनी मिळून अजाइल पद्धतीची तत्त्वं लिहिली, त्यातलं बारावं हेच आहे: टीमने ठरावीक अंतराने आपल्या कामाकडे मागे वळून पाहावं आणि त्यानुसार वागणं बदलावं. हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी अशा ‘रेट्रो’, म्हणजे मागे वळून पाहायच्या बैठका, होतात. खेद याचा की पुष्कळ ठिकाणी तो नुसता सोपस्कार झालाय. चांगलं काय, वाईट काय याच्या रंगीत चिठ्ठ्या लावल्या जातात, फोटो काढला जातो, आणि पुढच्या वेळी त्याच चिठ्ठ्या पुन्हा निघतात. यावर मला एकच औषध माहीत आहे: एका बैठकीतून एकच बदल निवडायचा, तो टीमच्या हातातला असला पाहिजे, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात ‘त्याचं काय झालं’ या प्रश्नाने करायची.

प्रमुखाने काय करायचं, याचा सर्वांत स्पष्ट नमुना नेदरलँड्समध्ये सापडतो. योस द ब्लोक हे स्वतः परिचारक. घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी २००६ साली त्यांनी ब्यूर्टझॉर्ग ही संस्था काढली. एका टीममध्ये जास्तीत जास्त बारा जणी. कुठल्या पेशंटकडे कोण, सुट्ट्या कशा, नवीन माणूस कोण घ्यायचा, हे टीमच ठरवते. टीमला व्यवस्थापक नाही. प्रशिक्षक असतो, पण तो चाळीसेक टीमसाठी मिळून एक, आणि त्याला हुकूम देण्याचा अधिकार नाही. दोन परिचारिकांचं वाजलं तर तो निकाल देत नाही. त्यांना बोलायला बसवतो, प्रश्न विचारतो, निघून जातो. एका माणसाकडे चाळीस टीम असल्या की प्रत्येक ठिकाणी नाक खुपसणं त्याला शक्यच होत नाही, आणि ही मांडणी जाणीवपूर्वक केलेली आहे. हे लहानशा संस्थेपुरतं राहिलं नाही. पुढे दहा हजारांहून अधिक माणसं या पद्धतीने काम करू लागली.

आपल्या मुंबईतले डबेवाले याच जातकुळीतले. छोटे गट, प्रत्येक गटाचा मुकादम, गटाच्या कमाईत वाटा, आणि कुणी गावाला गेला तर त्याची लाइन सांभाळायला गटातच जादा माणसं. मुकादम स्वतःही डबे उचलतो. त्यांच्या अचूकतेच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात. त्या अचूकतेमागे गटाची ही बांधणी आहे, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. मालकीच्या नावाखाली पुष्कळदा नुसतं ओझं ढकललं जातं. ‘आता तुमची टीम स्वायत्त आहे’ असं जाहीर होतं, उद्दिष्ट वाढतं, माणसं कमी होतात, आणि दोनशे रुपयांच्या खर्चाला मात्र तीन सह्या लागतात. जबाबदारी तुमची, अधिकार आमचा, ही फसवणूक आहे आणि लोकांना ती पहिल्या आठवड्यातच कळते. टीमला पद्धत बदलायची मोकळीक द्यायची असेल, तर तिला आपल्या कामाचे आकडे दिसले पाहिजेत, छोटे खर्च स्वतः करता आले पाहिजेत, आणि बैठकीचा वेळ कामाच्या तासांतलाच असला पाहिजे. यातलं काहीच देता येत नसेल तर ‘मालकी’ हा शब्दच वापरू नये. ‘हे असंच करायचं आहे’ असं सरळ सांगणारा साहेब त्याहून बरा.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कॅलिकोत कामगारांनी आपले सोबती आपण निवडले, याचं मी कौतुक केलं. पण निवड मोकळी सोडली की समाजातल्या भिंती टीममध्ये येतात, हेही आपल्याच गिरण्यांनी दाखवलंय. मुंबईच्या गिरण्यांमध्ये दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा मागाचा भाग. त्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि त्या विटाळाचं कारण सवर्ण कामगार पुढे करत. विणकामाला पगार जास्त होता, आणि तो त्यांना बंद होता. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे ठणकावून मांडला. आज त्या गिरण्या गेल्या, पण ‘आपल्यातला’ माणूस हवा ही ओढ गेलेली नाही. ती आडनाव बघते, बोलीभाषा बघते, कॉलेज बघते, लहान मुलाची आई आहे का हेही बघते. म्हणून टीममध्ये कोण येऊ शकतं, याची चौकट टीमच्या बाहेरून ठरलेली असावी आणि ती सर्वांना सारखी असावी. हॅकमन यांच्या चारपैकी तिसरा अधिकार टीमला द्यायचा झाला, तर तो या चौकटीच्या आतच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

कॅलिकोची गोष्ट मात्र १९५३ साली संपत नाही. १९७० साली टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर अहमदाबादला परत गेले आणि त्या गटांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं. एका खात्यात गटपद्धत सतरा वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी चालू होती. इतर ठिकाणी ती झिजून गेली होती. एखादी पद्धत वाईट ठरून ती रद्द केली, असं घडत नाही. सुताचा दर्जा बदलतो, कापडाचे प्रकार वाढतात, माणसं कमी पडतात, मग एका गटातला माणूस ‘आजच्यापुरता’ दुसरीकडे पाठवला जातो. पर्यवेक्षक घाईच्या दिवशी गटाला वळसा घालून थेट एकाला हुकूम देतो. प्रत्येक वेळी कारण रास्त असतं. काही वर्षांनी गटाचं नाव उरतं आणि सात माणसं पुन्हा सुटी होतात.

म्हणून प्रमुखाचं सर्वांत चिवट काम टीम जमल्यानंतर सुरू होतं. टीमच्या माणसांची उचलाउचल होऊ न देणं. वरून निरोप आला तर तो एकट्याला न देता टीमला देणं. टीममधलं कुणी एकट्याने केबिनमध्ये येऊन दुसऱ्याबद्दल तक्रार केली, तर ‘हे तू त्याच्याशी बोललास का?’ हा पहिला प्रश्न विचारणं, आणि नसेल बोलला तर दोघांना सोबत बसवणं. छळ, पैशाचा गैरव्यवहार किंवा जिवाला धोका असेल तर अर्थातच हा नियम बाजूला ठेवून प्रमुखाने स्वतः उतरायचं. एरवी थांबायचं. हे थांबणं जमायला बहुतेकांना वेळ लागतो, कारण आपल्याकडे चांगला साहेब म्हणजे चटकन निकाल देणारा साहेब, असंच आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं.

आणि नवीन माणूस आला की भिंतीवरचं ते पान टीममधल्या सर्वांत अलीकडे आलेल्या सदस्याने त्याला समजावून सांगावं. त्याला स्वतःला काय कळलेलं नाही ते तेव्हाच उघड होतं. नव्या माणसालाही पहिल्या महिन्यात विचारावं, की यातलं काय विचित्र वाटतं. रुळलेल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. दोन वाजता एकत्र जाणाऱ्या फायली त्याने पहिल्याच दिवशी हेरल्या असत्या. त्याचं म्हणणं पटलं तर पान त्याच्याच हाताने दुरुस्त करून घ्यावं आणि खाली त्या दिवसाची तारीख घालावी.